कृष्णवेणीबाईंचं जर्मन

चौतीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे बसलेल्या बाईला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. कोण खरोखर आजारी आईला भेटायला निघालाय आणि कोण मेव्हणीच्या लग्नात मिरवायला, हे कृष्णवेणीबाई फॉर्मवरच्या अक्षरावरून सांगायच्या. मग पोटच्या पोराला ओळखायला कितीसा वेळ लागणार? वेंकट फोनवर "अस्की ठीक आहे, अम्मा" म्हणाला मात्र, त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला. अस्की म्हणजे तंजावरी मराठीत सगळं. आणि वेंकटचं सगळं ठीक असतं ते फक्त काहीच ठीक नसतं तेव्हा.

खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं ते असं. वेंकट जर्मनीत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होता. वर्ग इंग्रजीत चालत, त्यामुळे पहिलं वर्ष सुखात गेलं. पण दुसऱ्या वर्षी सहा महिने कारखान्यात काम करणं सक्तीचं होतं, आणि गिअर बनवणाऱ्या ज्या कारखान्याने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं, त्यांची एकच अट होती. डिसेंबरपर्यंत जर्मन भाषेची दुसऱ्या पायरीची परीक्षा पास व्हायची. ती परीक्षा वेंकट नुकताच नापास झाला होता. दुसऱ्यांदा.

"जमत नाही, अम्मा. डिसेंबरला नाही झालं तर येतों परत," तो म्हणाला आणि आंघोळीला जायचंय सांगून त्याने फोन ठेवला.

येतो परत. हे ऐकून कृष्णवेणीबाईंना एक क्षणभर बरं वाटलं, हे त्या कधीच कुणाला सांगणार नाहीत. मग आपल्याला बरं वाटलं याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी नवऱ्याला कॉफी दोनदा करून दिली.

नवरा हरिप्रसाद. चेन्नईतल्या गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह तपासून निवृत्त झालेले. जगात जे काही बिघडतं ते नीट समजावून सांगितलं की दुरुस्त होतं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी रविवारी वेंकटला पाऊण तास समजावलं. वेंकट अकरा वेळा "होय अप्पा" म्हणाला. कृष्णवेणीबाईंनी मोजले होते.

"कळलं त्याला," हरिप्रसाद समाधानाने म्हणाले.

"काय कळलं? तो फोन स्पीकरवर टाकून कपड्यांच्या घड्या घालत होता," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.

उपदेशाने हे पोर जन्मात काही शिकलं नव्हतं. सायकल शिकला, ती समोरच्या फ्लॅटमधल्या सहानाला आधी आली म्हणून. पाढे पाठ केले, ते अम्माने तेवीसचा पाढा त्याच्याआधी म्हणून दाखवला म्हणून. हरणं त्याला सहन होत नसे, आणि अम्माकडून हरणं तर त्याच्या अगदी जिवावर येई. एकदा कॅरममध्ये हरल्यावर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. तेव्हा तो सात वर्षांचा होता, पण कृष्णवेणीबाईंच्या मते त्यानंतर त्याचे फक्त पाय लांब झाले होते.

पुढच्याच सोमवारी त्या वेलचेरी स्टेशनजवळच्या जर्मनच्या क्लासमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. क्लास एका टिफिन हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होता. तिथली शिक्षिका शर्मिष्ठा मूळची सांगलीची. नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणून दोन वर्षांपूर्वी चेन्नईला आलेली. जरीकाठाची कांजीवरम, नाकात दोन्हीकडे चमकी आणि बगलेत छत्री असा अवतार पाहून ही बाई सुनेसाठी चौकशी करायला आली असणार, असं तिला वाटलं. मग फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात तिने मराठी वाचलं आणि तिचा चेहरा खुलला.

"काकू, तुम्ही आपल्याकडच्या? कधी आलात चेन्नईला?"

"साडेतीनशे वर्षे झालीं असतील," कृष्णवेणीबाई शांतपणे म्हणाल्या. "क्लास किती वाजतां, टीचर?"

त्या रविवारी त्यांनी वेंकटला बातमी दिली. वेंकट इतका हसला की त्याला ठसका लागला. "अम्मा, पोदुम. तुला जमायचं नाही ते." पोदुम, म्हणजे पुरे. कृष्णवेणीबाईंनी ते हसणं नीट ऐकून घेतलं. मासा गळाशी आला होता.

पण खरी गंमत, किंवा खरी पंचाईत, पुढेच होती. जर्मन त्यांना खरोखरच येत नव्हतं. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं, कुणी नर्स, कुणी सॉफ्टवेअरवाला. पहिल्या चाचणीत त्या मुलांना पंधराच्या वर गुण मिळाले आणि कृष्णवेणीबाईंना वीसपैकी सात. आता सात गुणांचा पेपर पाठवून कुणाच्या पोटात दुखणार? त्यांनी शर्मिष्ठाला गाठलं आणि तीच चाचणी पुन्हा द्यायला लावली. अकरा पडले. तिसऱ्यांदा दिली तेव्हा अठरा. तो पेपर टेबलावर ठेवून, 'तिसरी वेळ' असं शर्मिष्ठाने प्रामाणिकपणे लिहिलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबून, त्यांनी फोटो काढला आणि वेंकटला धाडला. खाली लिहिलं, "सोपं होतं."

वेंकटचं उत्तर आलं नाही. पण दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि तासाभराने पुन्हा एकदा तो ऑनलाइन दिसला. तो फोटो पुन्हा बघतोय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पुढल्या रविवारी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कितव्या धड्यावर आहेस?"

"नववा चालला आहे," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. चालला होता पाचवा. मग आठवडाभर त्यांची जी धांदल उडाली ती विचारू नका. बोलून बसल्या होत्या, आता नवव्यापर्यंत पोचणं भाग होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. तुरीची डाळ कुठली आणि उडीद कुठला हे हरिप्रसादांना कळेना, कारण दोन्हींवर जर्मनमध्ये नुसतं 'डाळ' लिहिलेलं. एका सकाळी त्यांनी कॉफीत रवा टाकला आणि तक्रार केली, तेव्हा बायकोने त्यांना तक्रारीचं वाक्यही जर्मनमध्ये कसं करायचं ते ऐकवलं.

शिकायची त्यांची पद्धतही रेल्वेचीच. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, पण वाटणी भलतीच. तिकडे सूर्य बाई आणि चंद्र बुवा. वर्गातली तमिळ मुलं टेबलाला आणि चमच्याला लिंग असतं हे ऐकूनच हवालदिल झाली होती. कृष्णवेणीबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी पुरुषांना अप लाइनवर घातलं, बायकांना डाउनवर, आणि उरलेल्यांना बाजूच्या लूप लाइनवर काढून उभं केलं. तीनशे स्टेशनांची सांकेतिक नावं ज्या डोक्यात अजून बसलेली, त्यात हजारभर जर्मन नामं बसायला काय हरकत होती? ऑगस्टमध्ये पहिल्या पायरीची परीक्षा त्या अंगठ्याची मदत न घेता पास झाल्या.

गणपती झाले, नवरात्र आलं. त्यांनी दर रविवारी काही ना काही टाकायचं आणि तिकडे वेंकटने चडफडायचं, असा क्रम बसला. त्या एकदा म्हणाल्या, "टीचर म्हणाल्या, तुमचा मुलगा तिथं राहून नापास झाला याचं नवल वाटतं." शर्मिष्ठा बिचारी असं काही म्हणाली नव्हती. त्या रविवारी वेंकट "सरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यांनी केला तर तो उचलेना, नुसता 'बिझी' असा निरोप.

"चिडवून चिडवून घालवलंस पोराला," हरिप्रसाद म्हणाले. "परक्या मुलुखात एकटा राहतो तो. तिथं त्याला कोण आहे? आईनेही टोचायचं?"

कृष्णवेणीबाई नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे बसल्या, आलेल्या बायकांना हळदकुंकू दिलं, सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ वाटली, पण लक्ष फोनकडेच होतं. आपण खेळ मांडला आणि त्यात पोर हरलं तर? त्याने सगळं सोडून बॅग भरली, तर ते परीक्षेमुळे नव्हे, आपल्यामुळे असेल. चौतीस वर्षांत हातून चुकीचं तिकीट गेलं तर ते रद्द करता येई. हे रद्द कसं करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी क्षमा मागायचा निरोप तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला.

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला. वेंकटने नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट जर्मन सुरू केलं. एका दमात पाच-सहा वाक्यं म्हटली आणि फोन बंद. कृष्णवेणीबाईंना निम्मंच कळलं. पण हरिप्रसादांनी प्रसंगावधान राखून सगळं आपल्या फोनवर टिपून घेतलं होतं. सोमवारी त्या ते घेऊन शर्मिष्ठाकडे गेल्या.

शर्मिष्ठाने ते दोनदा ऐकलं. "काकू, तो म्हणतोय की तो तिथल्या एका म्हाताऱ्या शेजारणीकडे रोज संध्याकाळी जाऊन बसतो, तिच्याशी फक्त जर्मनमध्ये बोलतो, म्हणून त्याला फोन करायला वेळ झाला नाही. तुम्ही डिसेंबरमध्ये त्याच्यापेक्षा कमी गुण मिळवणार आहात. आणि तुमचे उच्चार तमिळ आहेत."

कृष्णवेणीबाईंच्या जिवात जीव आला. इतका, की त्यांनी शर्मिष्ठाला खालच्या हॉटेलात नेऊन दोन प्लेट सांबारवडा खायला लावला.

डिसेंबरात, चेन्नईच्या ऐन पावसाळ्यात, परीक्षेच्या सकाळी वेलचेरीत नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी होतं. कृष्णवेणीबाई साडी वर खोचून, चपला हरिप्रसादांच्या हातात देऊन मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेल्या आणि शेअर ऑटोत सहा जणांच्या मध्ये बसून क्रियापदं पुटपुटत परीक्षेला पोचल्या. वेंकटची परीक्षा त्याच आठवड्यात, तिकडे बर्फात. तोंडी परीक्षेत त्यांना विचारलं की तुम्ही जर्मन का शिकता. त्यांनी खरं ते सांगितलं. परीक्षक हसू दाबत होते असं त्या म्हणतात.

निकाल आधी त्यांचा लागला. शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी; पास व्हायला साठ लागत. हरिप्रसादांनी चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला आणि केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, करायला घेतली. त्यांना केसरी येत नाही, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. कृष्णवेणीबाई पदर खोचून घरभर फिरत होत्या. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही त्या इतक्या खूश झाल्या नव्हत्या. वेंकटला अठ्ठ्याऐंशी कशा आवाजात सांगायचे, याची त्यांनी आरशासमोर तालीमही केली.

चार दिवसांनी वेंकटचा व्हिडिओ कॉल आला. "एकाहत्तर," तो म्हणाला. "पास झालों, अम्मा. कारखान्याने पत्रही दिलं. फेब्रुवारीत सुरू."

कृष्णवेणीबाईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलेही नाहीत. पोरगं राहणार होतं. पोरगं परत येणार नव्हतं. या दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"आणि तुझं?" वेंकटने विचारलं.

त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, आणि त्या सगळ्यात तो सात वर्षांचा असताना कॅरमच्या शेवटच्या सोंगटीकडे बघायचा तसा बघत होता. तालीम केलेला आवाज घशापर्यंत आला होता.

"गेलं, राजा," त्या म्हणाल्या. "चोपन्न."

आतल्या खोलीत हरिप्रसादांच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

वेंकट जिंकल्याबद्दल नाचेल, चिडवेल, असं त्यांना वाटलं होतं. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बोलण्यात गेलं ना? मला वाटलंच होतं. काही हरकत नाही, अम्मा, मीही दोनदा पडलों. मी शिकवतों तुला. दर रविवारी एक तास. पण अभ्यास करून यायचं."

गेल्या वर्षभरात त्याने इतका वेळ सलग कधी बोलायला दिला नव्हता. कृष्णवेणीबाई मान खाली घालून "सरि" म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं काम दुप्पट झालं आहे. शर्मिष्ठाच्या क्लासात त्या तिसऱ्या पायरीचा अभ्यास करतात, आणि शनिवारी संध्याकाळी बसून रविवारच्या चुका तयार करतात. चुका सोप्या नसतात. फार मोठी केली तर त्याला संशय येतो, फार लहान केली तर तो समजावत नाही. शर्मिष्ठा त्या तपासून देते. "काकू, ही चूक तुमच्या पातळीची नाही," असं म्हणून तिने दोन परतही पाठवल्या. हरिप्रसादांना मात्र तासभर खोलीबाहेर बसवलेलं असतं, कारण त्यांना हसू आवरत नाही.

गेल्या रविवारी वेंकटने पुस्तकातलं काही न घेता स्वतःच एक वाक्य दिलं. जर्मनमध्ये सांग, म्हणाला. माझा मुलगा दूर राहतो आणि मला त्याची फार आठवण येते.

कृष्णवेणीबाईंनी शनिवारी तयार केलेल्या चुकांतली एक इथे घालायची होती. क्रियापद पुढे टाकायचं होतं, नाहीतर मुलाला डाउन लाइनवर सोडायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि वाक्य एका दमात, अगदी बिनचूक बाहेर पडलं.

पलीकडून वेंकटने हळूच विचारलं, "अम्मा, हें कसं बरोबर आलं?"

"चुकून आलं, राजा," कृष्णवेणीबाई म्हणाल्या.