द्राक्षांची सकाळ

हर्षाली माहेरची कळवणची, सासर ओझरला आणि नोकरी अश्विनशेठच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, कारकुनाची. दर रविवारी ती बसने जुन्या नाशकात नफिसा मॅडमकडे अरबी शिकायला जायची. ना परीक्षा, ना पगारवाढ. आखातात जाणाऱ्या खोक्यांवरची वळणदार अक्षरं तिला आवडली, एवढंच निमित्त. एकदा तिच्या सासूबाई, विमलाबाई, वैतागून म्हणाल्या, "अगं, अक्कल गहाण टाकली का काय?"

"अक्कल हा शब्दच अरबीतून आलाय, आई. तब्येत पण तिकडची आणि हिंमतसुद्धा."

"मंग माझी तब्येत बिघडली का तिकडंच ने मला," विमलाबाई म्हणाल्या.

पण हर्षालीला वेडच लागलं होतं. क, त, ब ही तीनच अक्षरं घ्या. त्यांतून किताब म्हणजे पुस्तक निघतं, लिहिणारा कातिब निघतो, बसून लिहायची जागा मकतब निघते. वेलीच्या एका काडीला किती घड लागावेत! याचं ज्याला नवल वाटत नाही, त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

अशी ही भाषावेडी पहिल्याच फोनला तोंडघशी पडली. मस्कतच्या शेख सालिम या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला तिने अरबीत फोन लावला आणि आपल्या बाजाराच्या सवयीने थेट विचारलं, "माल पोचला का? पुढचा कधी पाठवू?" वाक्यं बिनचूक होती. पण त्यांच्यात आधी सलाम, मग घरादाराची खुशाली आणि मग जमलं तर धंदा. शेख थंडपणे म्हणाले, "मुली, तुझ्यामागे कुणी लागलंय का?" आणि हिंदी बोलणारा माणूस मागितला. अश्विनशेठ हसून म्हणाले, "ताई, तुमची अरबी पुस्तकातच बरी." ते तिला फार लागलं. त्या भाषेत जन्मलेल्या एका तरी माणसाने आपल्याशी मनापासून बोलावं, एवढीच तर तिची इच्छा होती.

यंदा हंगामात शेख स्वतः ओझरला आले. प्रवासाने शिणलेले, कपाळाला आठ्या. अश्विनशेठने घड पुढे धरून हिंदीत गोडी, साइझ, कंटेनर असा सपाटा लावला. शेख घड्याळाकडे बघत राहिले. तेव्हा हर्षाली पुढे झाली.

"सबाहुल खैर," ती म्हणाली. सकाळ शुभ असो.

"सबाहुन्नूर," शेख सवयीने म्हणाले. प्रकाशाची सकाळ.

तिकडची रीत अशी, की जी सकाळ मिळाली तिच्याहून सुंदर सकाळ परत द्यायची. हर्षालीने गुलाबांची सकाळ दिली. शेखांची भुवई वर गेली. त्यांनी जाईची दिली. पॅकिंगच्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या. हर्षालीला शिकवलेल्या सगळ्या सकाळी इथे संपल्या होत्या. तिने टेबलावर मांडलेल्या हिरव्यागार घडांकडे पाहिलं.

"सबाहुल इनब!" द्राक्षांची सकाळ.

शेख खो खो हसले. खुर्ची ओढून बसले आणि चहा मागवा म्हणाले. मग विमलाबाईंचे गुडघे झाले, शेखांची नातवंडं झाली, नफिसा मॅडमची चौकशी झाली. द्राक्षांचं नावसुद्धा निघालं नाही. हर्षाली अशी बोलत होती, जणू माहेरच्या ओट्यावर बसलीय. शेवटी ती म्हणाली, "अहलन व सहलन." आपल्या माणसांत आलात, सपाट वाटेनं आलात.

शेखांनी छातीवर हात ठेवला. "हे मी जन्मभर लोकांना म्हणत आलो, पोरी. इतक्या दूर येऊन ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

"काय म्हणाले? काय म्हणाले?" अश्विनशेठ विचारत होते. तिने सगळं मराठीत सांगितलं, तेव्हा पॅकिंगच्या आशाबाईने पहिली टाळी वाजवली आणि मग सगळं पॅकहाउस दणाणलं.

आता मस्कतचा फोन वाजला, की अश्विनशेठ स्वतः तो घेऊन हर्षालीच्या टेबलाशी येतात आणि म्हणतात, "ताई, घ्या. तुमच्या माणसांचा फोन."