ओकव्हिलचं हळदीकुंकू

"पूर्ण नाव काय गं तुझं?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

"गाव?"

"परभणीजवळचं."

काकूंनी माझ्यापुढची ताटली उचलली. तिच्यात मी वळलेले तिळाचे लाडू होते.

"राहू दे आता. हॉलमध्ये बस. दमली असशील."

आवाज गोड. बाकीच्या तिघी पाहुण्या लाडू वळत राहिल्या. त्या दमल्या नव्हत्या.

काका-काकू दोघंही निवृत्त डॉक्टर. चाळीस वर्षांपूर्वी इकडे कॅनडात, ओकव्हिलला आलेले. मी ग्वेल्फला फूड सायन्स शिकते. माझी रूममेट मुग्धा मला त्यांच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेऊन गेली होती. "काकांच्या ओळखी आहेत. तुझ्या जॉबसाठी शब्द टाकतील," म्हणाली. मला नोकरी हवी होती. नोकरीशिवाय पीआर, इथं कायम राहायचा परवाना, कुठला मिळायला? म्हणून गेल्या गेल्या मी दारातला बर्फ फावड्यानं काढला. हात धुतले. लाडू वळायला बसले.

हॉलमध्ये बसून मी मनाला समजावत होते. सहज विचारलं असेल. म्हातारं माणूस. हे समजावणं मला लहानपणापासून येतं.

निघताना आई म्हणाली होती, "जा बाई. तिथं कोण इचारतंय जात?" आई शाळेत झाडू मारते. मीही तिचं ते वाक्य मनात धरून विमानात बसले. गोऱ्यांची भीती घेऊन आले होते, आपल्या माणसांची नव्हती. इथं कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या हातानं मळलेल्या पिठाचा ब्रेड सगळे खातात. कुणी गाव विचारत नाही.

चहा झाला. कप ठेवायला किचनमध्ये गेले. टीबॅग टाकायला ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

आत माझे लाडू.

माझेच. मी आईसारखे मोठे वळते. त्या तिघींचे सुपारीएवढे होते, ते चांदीच्या तबकात हॉलमध्ये गेले होते.

काकूंची आठ वर्षांची नात शेजारी उभी होती. तिनंही पाहिलं. तिथूनच ओरडली, "आजी, व्हाय डिड यू थ्रो देम? शी वॉश्ड हर हँड्स!"

काकू आल्या. मागून बाकीच्याही.

"अगं, खाली पडले होते ते."

नेहमीसारखं गप्प बसता आलं असतं. काका शब्द टाकणार होते.

"पडले नव्हते, काकू. तुम्ही टाकलेत. माझं नाव कळल्यावर."

कुणीतरी म्हणालं, "सणाच्या दिवशी कशाला असलं? इथं कोण मानतं जात?"

मुग्धा फोनमध्ये बघत होती.

मी बूट घातले आणि निघाले. स्टेशनपर्यंत बर्फातून चालत. डोळ्यांतलं पाणी गालावर गार पडत होतं. रडू काकूंमुळं नव्हतं. इतकी वर्षं उराशी धरलेलं काहीतरी मेलं होतं, त्याचं होतं.

मुग्धा नंतर खोलीवर आली. म्हणाली, "इग्नोर करायचं ना. तुझंच नुकसान झालं."

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. गल्लीतल्या दोन पोरी कॅनडाला अप्लाय करतायत, त्यांना काय सांगू, विचारत होती. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे तिथंबी?"

"इथंबी, आई."

मी "काळजी करू नको" म्हणाले नाही. खोटं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पोरींना हे सांग. आणि यायचं असेल तर या म्हणावं."

त्याच संध्याकाळी मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर घडलं ते लिहिलं. खाली पूर्ण नाव. काही जणांनी ग्रुप सोडला. काकांचा शब्द अर्थातच गेला.

जाऊ दे. आता कुणी विचारायची वाट बघणार नाही. नाव मीच आधी सांगेन. मग ज्याला उठून जायचंय त्यानं जावं.

मी उठणार नाही.