रंगाचा रकाना

मला कुणी शहाणपण शिकवलेलं आवडत नाही. त्यामुळे आमच्या प्रोफेसरबाईंनी, "मातीचा रंग खड्ड्यापाशीच बघायचा आणि लगेच लिहायचा," हे तिसऱ्यांदा बजावलं तेव्हा मी मनात म्हटलं, कळलं हो!

काम होतं प्युर्टो रिकोच्या जंगलात. दोन्ही बाजूंना लाल मातीचे डोंगर, मधे सपाट दरी आणि तिच्यातून जाणारा ओढा. खाली पाण्याचा निचरा होत नाही, म्हणून तीच माती तिथे राखाडी होते. दरीचा अख्खा तळ असा तुंबलेला आहे, असं माझ्या थिसिसचं म्हणणं. मी गिरमिटानं वीस ठिकाणची माती काढली. पाऊस असा की मातीचा रंग ज्याच्याशी ताडून बघायचा त्या छटांच्या पुस्तकाचा लगदाच झाला असता. रंग काय, लॅबमध्ये आरामात बघू! वहीतला तो रकाना कोरा ठेवून, पिशव्या गच्च बांधून मी मिनेसोटाला परतले.

शुक्रवारी माती ट्रेमध्ये पसरली. सोमवारी बघते तर वीसच्या वीस ट्रे तांबूस! तुंबलेल्या मातीतल्या लोखंडाला हवा लागली की ते गंजतं, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! मे महिन्यात डिग्री, जूनमध्ये नोकरी ठरलेली, आणि हातात पुरावा शून्य. स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

लॅबमधला नागपूरचा मित्र म्हणाला, "अगं, राखाडीच होती ना सगळी? मग लिहून टाक ना यार. कोण बघायला येतंय?"

होतीच राखाडी. मला लख्ख आठवत होती. मी सात खड्डे लिहूनही टाकले. आठव्याला हात अडला, कारण त्या पुस्तकात नुसत्या राखाडीच्या पानभर छटा, आणि मी चक्क मनानं निवडत होते. सगळं खोडलं आणि बाईंच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "परत जा," एवढंच म्हणाल्या. डिग्री डिसेंबरवर गेली. नोकरी काही माझ्यासाठी थांबली नाही.

परत गेले. या वेळी छत्री काखेत धरून प्रत्येक खड्ड्यापाशी रंग लिहिला. ओढ्याच्या काठाशी जमीन जेमतेम हातभर उंच आहे. पुरानं टाकलेली वाळू ती. तिथली माती बाहेर आली तीच तपकिरी. पाणी तुंबतं ते मागे, डोंगराच्या पायथ्याशी. माझं म्हणणं अर्धं चुकीचं निघालं. थिसिस नव्यानं लिहिला आणि सांगते, पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला.

काठावरचे खड्डे होते पाच. त्यांतले तीन मी लॅबमध्ये बसून राखाडी लिहिले होते, आणि कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं.