कप्तान मेला, त्याच्या पुढचे भाग

"मेला एकदाचा. चला, आंघोळी करा," मी म्हणाले, आणि माझ्या मुलीने टीव्ही बंद केला.

अकोल्याला तिच्या घरात मी बावीस वर्षांत पहिल्यांदा बसले होते. येऊन चार तासही झाले नव्हते. पडद्यावर आकाशयानाचा कप्तान छातीला भोक पडून आडवा झाला होता आणि माझ्या तोंडून नेमकं ते निघालं. कूलर घरघरत होता. जावयाने फुटाण्यांची वाटी खाली ठेवली. नात एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"आंघोळ कशाला, आजी?"

मुलीच्या हातात रिमोट होता आणि ती बंद टीव्हीकडे पाहत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबच्या नातेवाइकाचं मरण कळलं की आमच्याकडे आंघोळ करतात आणि कामाला लागतात. जिवंत माणसाच्या नावानेही आंघोळ करता येते. घरातल्या कोणी नाक कापलं, म्हणजे निदान घरच्यांना तसं वाटलं, की त्याच्या नावाने एकेक बादली अंगावर घ्यायची. मग ते माणूस कुठेही खात-पीत असो, घरापुरतं मेलं. याला भटजी लागत नाही, कागद लागत नाही. अक्कलही लागत नाही.

आम्ही अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात राहायचो. काळ्या जमिनीचे शेतकरी, म्हणजे स्वतःला फार काही समजणारे. ती मालिका रविवारी सकाळी लागायची. माणसं गोरी, बोलायची हिंदीत. एक मोठं यान आभाळात हिंडायचं आणि दर रविवारी कुठल्यातरी ग्रहावर जाऊन तिथल्या लोकांना शहाणपण शिकवून यायचं. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. मुलगी समजावून सांगायची. सांगताना तिचे हात सारखे हलायचे. पडद्यावर कोणी मेलं की ती म्हणायची, "मेला. चला, आंघोळी करा." तो विनोद मूळचा तिचा.

गावातला एक बौद्धांचा मुलगा तिच्याच कॉलेजात होता. त्याच्या घरी केबल नव्हती म्हणून तो रविवारी आमच्याकडे यायचा. सगळे बैठकीत बसायचे, तो उंबऱ्याशी बसायचा. चहा मी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात द्यायचे आणि त्याला काचेच्या ग्लासात. तो ग्लास मोरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. चहा झाला की तो स्वतः ग्लास विसळून पालथा घालायचा आणि मी मनात म्हणायचे, पोरगं वळणाचं आहे. माझी अक्कल तेवढीच होती. दोन वर्षं ती दोघं माझ्या डोळ्यांदेखत ग्रह-ताऱ्यांवर बोलत होती. मला वाटलं, अभ्यास चालला आहे.

एका रविवारी कप्तान मेला. बुधवारी त्या दोघांनी अमरावतीला जाऊन कोर्टात लग्न केलं. शुक्रवारी आमच्या घरी आंघोळी झाल्या; मुलगा बाहेरगावी शिकत होता, तो तेवढा सुटला. नवऱ्याने विळा घेऊन केबलची तार कापली आणि म्हणाला, "या डब्ब्यानं घर बुडवलं." दोष डब्ब्याचा. चार वर्षांनी मुलाच्या लग्नात त्याने त्याच्या दुप्पट मोठा डबा आणला, तेव्हा घर बुडायची भीती गेलेली होती.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. मुलाने बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "मेलेली मानसं मयतीले येत नाई." आणि आली नाही. मुलाला राग आला. मला नाही आला. उत्तर बरोबर होतं.

मग मी अमरावतीला मुलाकडे आले. एक दिवस त्याच्या फोनवरून मीच तिला फोन लावला. ती म्हणाली, "बोल." मी म्हटलं, "बरी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे." संपलं. महिन्यातून एकदा असं चालायचं. पाऊस पडला का, पडला. मग एकदा तिच्या मागे टीव्ही लागलेला होता आणि मला तो भोंगा ऐकू आला. यान सुटायच्या आधी वाजायचा तो.

"ते चालूच आहे का अजून?"

"चालू? सोळावा सिझन हाय. पाच पिच्चर झाले."

"कप्तान तर मेला होता."

तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाली, "तो तं पुढच्याच रविवारी उठला, आई."

"कसा?"

"पाह्य न मग. सगळं पाह्य. एक भाग सोडाचा नाई. सगळं पाहून झालं का ये अकोल्याले. नवा पिच्चर येऊन राह्यला, तो संगं पाहू."

बावीस वर्षांत तिने मला 'ये' म्हटलं ते असं. सोळा सिझनच्या पलीकडून.

मुलाच्या घरी इंटरनेटवाला टीव्ही आहे. त्याने मला बटणं दाखवली आणि म्हणाला, "या वयात मानसानं भजन आयकावं." मी म्हटलं, "तू आयक." दुपारी सून शाळेत शिकवायला गेली की मी सुपात तूर घेऊन बसायचे. एका भागात एक सूप निवडून होतं. दोन भाग सलग लागले तर डोळे चुरचुरायचे. सून संध्याकाळी आली की दारातूनच विचारायची, "आई, तुमचं यान उतरलं का? मले बातम्या पाहाच्या हायेत."

आता मालिकेचं सांगते. तार कापली होती तिथून पुढचं लावलं, तर पहिल्याच भागात कप्तान उठून बसला. मेला तो कप्तान नव्हताच, त्याच्या तोंडवळ्याचा यंत्रातून काढलेला दुसरा होता. म्हणजे मी बावीस वर्षं ज्याला मेलेला धरून होते त्याला साधी सर्दीही झालेली नव्हती. पुढे तो आणखी तीनदा मेला. एकदा सूर्यात पडला. एकदा गोठला. एकदा म्हातारा होऊन मेला, तर मागच्या काळात जाऊन त्याला तरण्यातून उचलून आणलं. आमच्या गावात एक मयत असली तर तेरवीपर्यंत घर हलतं. इथे कप्तान मरतो आणि मधल्या जाहिरातीत लोक साबण विकतात.

यानात शे-दोनशे माणसं. भिंतीतल्या खिडकीतून गरम ताट येतं. जेवण झालं की ताट कुठे जातं ते सोळा सिझनमध्ये दाखवलं नाही. झाडू कोणाच्या हातात दिसला नाही. कपडे सगळ्यांचे अंगाला चिकटलेले, आणि ते वाळत घातलेले कधी दिसले नाहीत. दारं आपोआप उघडतात, त्यामुळे कोणाच्या दारात उभं राहायची पाळीच येत नाही. तारे ओलांडतात, पण शत्रूचं यान पुढ्यात आलं की हमखास इंजिन बंद. आमच्या गावच्या एस.टी.चं तरी निदान चढावर बंद पडायचं.

अकराव्या सिझनला बनवणाऱ्यांनाच गोष्ट आवरेना, तर त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कप्तान पंचवीस वर्षांचा, चेहरा भलताच. मी फोन करून म्हटलं, "हे कोन आणलं?" मुलगी हसली. फोनवर पहिल्यांदा हसली.

नववा सिझन मी लबाडीने सोडला होता. नुसते सांगाडे, भुयारं आणि काळोख. मुलीने फोनवर विचारलं, "डाक्टरीनबाईचा हात कोनं तोडला?" मी म्हटलं, "सांगाड्यानं." ती म्हणाली, "तिचा हात तुटलाच नाई. जा, पाह्य." शाळेत मी कधी नापास झाले नव्हते. सत्तरीत झाले.

एक भाग मात्र मी दोनदा पाहिला. यानातल्या मिस्त्रीणबाईने एका हिरव्या माणसाशी लग्न केलं. अंगाला बुळबुळीत, तीन डोळे, रात्री पाण्यात झोपतो. तिचा बाप दोन मिनिटं तोंड फिरवून उभा राहिला. तिसऱ्या मिनिटाला त्याने हिरव्याला मिठी मारली आणि वरातीत नाचला. मी तुरीचं सूप खाली ठेवलं. तीन डोळ्यांचा चालतो. आमच्या मुलीने केला त्याला दोनच डोळे होते, बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता, आणि घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. हाच भाग आमच्या गावात लागला असता तर सगळ्यांनी डोळे पुसले असते, आणि मग उठून बादल्या भरल्या असत्या. मी पहिली.

सात महिन्यांत सगळं संपलं. मी मुलाला सांगितलं, मला अकोल्याला जायचं आहे. तो म्हणाला, "तुयं तू पाह्य." मी एस.टी.ने गेले. स्टँडवर जावई आला होता. केस पांढरे झालेले, पण चालणं तेच. "या काकू," म्हणाला. पूर्वीही काकूच म्हणायचा. सासू म्हणायची वेळ त्याच्यावर आम्ही येऊ दिली नव्हती. घरी मुलीने पाणी दिलं, जेवू घातलं, नातीला म्हटलं, "ही तुयी आजी." इतकंच. चार वाजता पिच्चर लावला, आणि साडेपाचला मी तोंड उघडलं.

तर टीव्ही बंद होता.

"सांग न तिले," मुलगी म्हणाली. "विचारून राह्यली ती. आंघोळ काहून करतेत ते सांग."

मी नातीला सांगितलं. शुक्रवार सांगितला, बादल्या सांगितल्या, केबलची तार सांगितली. काही झाकलं नाही. ती ऐकत होती.

"म्हणजे मम्मी मेली होती?"

"आमच्यासाठी मेली होती."

"मग जिवंत कशी केली?"

"केली नाही. होतीच ती. इथे अकोल्याले भाजी आणत होती, तुले शाळेत सोडत होती."

जावई खाली बघत म्हणाला, "मले तं तवाच मालूम होतं का कप्तान उठते. पुढच्या रविवारी कोनाच्या घरी पाहावं, एवढाच सवाल होता."

त्याला कोणी हसलं नाही. मुलगी माझ्याकडे वळली.

"तुनं केली होती?"

"केली."

"बाबानं जबरदस्ती केली?"

ही पळवाट होती. तिनेच दार उघडून धरलं होतं. नवरा गेलेला, तो काही परत येऊन नाही म्हणणार नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "पहिले तुयी आजी, मंग काका, मंग बाबा, मंग मी. पाणी मीच तापवलं."

"तापवलं?"

"जानेवारी होता. आजीले दमा होता."

"माह्या मरनाले गरम पानी," ती नवऱ्याला म्हणाली. "आयकलं?"

"आयकलं," तो म्हणाला. "सोय पाह्यली लोकायनं."

नातीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने हाताने तोंड दाबलं. मुलगी हसली नाही. तिचा रिमोटवरचा अंगठा पांढरा पडला होता. आता ती मला बॅग उचलायला सांगेल असं मला वाटलं. अमरावतीची शेवटची गाडी किती वाजता असते ते मी मनात आठवून पाहिलं.

"चूक झाली," मी म्हटलं.

"आताची का तवाची?"

"दोन्ही."

"तवाची केली तुमी. झाली नाई."

"केली," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. नळ सुरू झाला, भांडी वाजली. आम्ही तिघं बसून राहिलो. जावयाने फुटाण्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली, मी चार उचलले. माझे दात आता फुटाण्यांचे राहिले नाहीत, तरी चघळत बसले. दहा मिनिटांनी ती चहा घेऊन आली, चौघांचा. माझ्याजवळ बसली, टीव्ही लावला आणि पिच्चर मागे नेला.

"किती मागं नेतेस?" जावई म्हणाला.

"ही मंधात बोलली. मले काही आयकू आलं नाई."

कप्तान पुन्हा मेला. या वेळी मी गप्प बसले. संपल्यावर मुलगी म्हणाली, "उठते हा पुढच्या साली. रात्री काय खाशीन?" मी म्हटलं, "भाकर." तिने पिठाचा डबा काढला आणि मी थापायला बसले. तिच्या भाकरीचे काठ फाटतात, हे मी सांगितलं. तिने मला सांगितलं की आपल्या घरी आपलं पाह्य.

मी चार दिवस राहिले. तेव्हापासून दिवाळीला आणि उन्हाळ्यात जाते. मुलगा दोनदा येऊन गेला. सुनेचं आणि तिचं बरं जमतं.

त्या शुक्रवारी अंगणात आम्ही चौघं होतो. सासूबाई दुसऱ्या वर्षी दम्याने गेल्या, दीर अपघातात गेला, नवरा गेला. मी आहे, आणि मुलगी आहे.