समुद्रात निघालेली खोली

लग्नाला तेवीस वर्षे झाली तरी बायकोने समुद्र पाहिला नव्हता. मी दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत आलो, हे कबूल करतो. शेवटी कोकणातली खोली तिनेच शोधली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूचा अरुंद पट्टा.

पैसे भरण्याआधी मी त्या भागाचा जुना सर्वेक्षण नकाशा इंटरनेटवरून उतरवला आणि अकोल्यात छापून आणला. एका इंचाला एक मैल. तिथे रस्ता, हॉटेल काहीच नव्हते तेव्हाचा. आजचा नकाशा त्याच मापात ट्रेसिंग कागदावर काढला, टेकडीवरचे देऊळ दोन्हीकडे होते ते जुळवले आणि तीनदा मोजले. वाळूचा पट्टा तेव्हापासून सरकला होता; जुन्या नकाशावर आमची खोली पाण्यात निघाली.

"काठापासून दीड फर्लांग समुद्रात," मी सांगितले. "पेन्सिलीच्या रेघेची जाडी सोडूनही."

"अहो, मले तिथं दोन दिवस राहाचं आहे. रजिस्ट्री नाही कराची."

तेवढ्यात हिवरखेडहून सासरे आले. ते माझ्याच बाजूने बोलतील याची मला खात्री होती. वावराचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर सरकला म्हणून शेजाऱ्याशी अकरा वर्षे न बोललेला माणूस. दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून त्यांनी बराच वेळ पाहिले.

"हे एवढं सरकलं?"

"हो, मामाजी."

"अन् कोणी मोजणी नाही मांगली?"

"कोणाविरुद्ध मागणार? समुद्राविरुद्ध?"

"मंग जावईबापू, वाट काहून पाहून राहिले? अजून सरकाच्या आत पोरीले दाखवून आना!"

गेलो. पोचलो त्या संध्याकाळी दारापासून पाण्यापर्यंत एकशे अठरा पावले भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्र्याऐंशी. भरती असते हे मला माहीत होते, तरी बॅग भरली.

"लोकं पाण्यात पवून राहिले, अन् तुमी बॅगा भरून राहिले," बायको म्हणाली आणि पुन्हा पाण्यात गेली.

निघायच्या सकाळी मी शेवटचे मोजले. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. तिथूनच ओरडली, "किती भरली?"

"एकशे एकवीस. पहिल्या दिवसापेक्षा तीन जास्त."

"मंग जागा वाढून राहिली नं? अजून एक दिवस राहू."

मी पुन्हा मोजले. एकशे एकवीसच. आकडा माझाच होता, त्यामुळे वाद घालता येईना. खोली एका दिवसासाठी वाढवून घेतली.