ताप उतरल्यावर

आटपाडीकडचे नाथाजी पुकळे दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पलूसच्या उसाच्या पट्ट्यात उतरतात. यंदा तिथंच त्यांना चिकुनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला, पण नाथाजी पूर्वीसारखे झालेच नाहीत. रानातल्या कापडी पालात नुसते बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. मेंढरांमागं बायको साळूबाईच जायच्या, आणि त्याची नाथाजींना फार लाज वाटायची.

"अंगात ताप न्हाई, तरी उठू वाटंना. कामचुकार झालोय बघा मी," साळूबाईंनी दवाखान्यात नेल्यावर त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"कामचुकार नाही," त्या म्हणाल्या. "रोगाशी लढताना शरीर रक्तातून इशारे सोडतं. ते मेंदूतल्या पेशींपर्यंत पोचतात. मग त्या पेशी भूक, उत्साह, बोलणं सगळंच कमी करतात, माणसानं पडून राहावं म्हणून. तुमच्यात ते इशारे अजून थांबले नसावेत."

नाथाजींनी जरा विचार केला. "आजारी मेंढरू कळपातनं बाजूला हुतं, मान खाली घालून हुबं ऱ्हातं. तसंच व्हय?"

"अगदी तसंच."

"त्याला आमी कवा काठी लावत न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "आन् हे सोताला रोज शिव्या घालत्यात."

त्यानंतर नाथाजी लाज न बाळगता पडून राहू लागले. संक्रांत झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता ते अचानक खेकसले, "अगं, त्या लंगड्या मेंढीच्या खुराला औषध कोण लावायचं?"

साळूबाईंना लय बरं वाटलं. त्यांनी औषधाची बाटली आणून नवऱ्याच्या हातात ठेवली.