माझ्या नावावर तेलरंगाचा माठ विकायचा नाही

शिरपूरच्या स्टँडवर बाप मला सोडायला आला तेव्हा माझ्या खांद्यावर गावच्या मातीचं पोतं होतं. बाप म्हणाला, "अरे, तिकडं माती नाही का? माती राहू दे, हात घेऊन जा." मी ऐकलं नाही. इंदूरला ते पोतं चार माठांत संपलं. मग इथली काळी माती घेतली, गावच्याच मापानं राख-लीद घातली, आणि पहिला आवा, म्हणजे माठांची भट्टी, उघडला तर निम्मे माठ तडकलेले. इथली माती वाळताना जास्त आकसते. तिला रेती जास्त लागते, वाळवायची सावलीत, सावकाश. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. गावच्या पोरांनो, तुम्ही फुकट घ्या.

विकायचं कसं तेही ऐका. गिऱ्हाईक "भिया, कितने का?" म्हणालं की लगेच भाव सांगू नका. आधी दुकानातल्या माठाचं पाणी पाजा. उन्हातून आलेला माणूस गिलास खाली ठेवतो तेव्हा अर्धा सौदा झालेला असतो. मग माठ वाजवू द्या. भद्द वाजला म्हणजे आत तडा, तो त्याच्यादेखत बाजूला काढा.

आता माझा पुतण्या सुदाम. मागच्या उन्हाळ्यात राऊ रोडच्या माझ्या दुकानात होता. मी लग्नाला बेटम्याला गेलो आणि ह्या शहाण्यानं माझ्या माठांना तेलरंग फासला. लाल, निळा, वरून फुलं. मी आलो तर म्हणतो, "काका, देखो, सगळा माल उठला ना!" उठला, आणि आठवड्यात परतही आला. आमच्या काळेबाई, रिटायर टीचर, माठ रिक्षात घालून आल्या. "बाबा, इतकी वर्षं तुमच्याकडून नेते. ह्यात पाणी गार होतच नाही." कसं होणार? माठ पाझरतो, तो ओलावा वाऱ्यावर उडतो, तेव्हा पाणी गार होतं. रंगानं पाझरणंच बंद केलं! मी दुसरा माठ दिला. बाईंनी तो तीनदा वाजवून पाहिला. आधी कधी वाजवत नव्हत्या.

सुदाम गावी जाऊन पारावर सांगतो, काका सठिया गया, धंदा कळत नाही. आणि आता त्याचाच फोन: यंदाही येतो, दुकानावर नाव तुमचंच राहू द्या. काका येडा, पण नाव पाहिजे!

गावाकडचे तुम्ही घरचे सगळे म्हणता, थकलात, घरी या. कोणत्या घरी? दिवाळीत आलो तर मला फ्रिजची बाटली दिलीत. कुंभाराच्या घरात माठ नाही, लाज वाटत नाही? माठ बिघडला की बाई ज्या दारात भांडायला येते, ते माझं घर. इंदूरचं हे पत्र्याचं दुकान.

सुदाम, तू ये. रंगाचा डबा दिसला तर स्टँडवरूनच परत धाडीन. आधी महिनाभर माती तुडवायची. मग तुझ्या हातचा पहिला माठ काळेबाईंकडे तूच घेऊन जायचा, आणि त्या वाजवतील तेव्हा मान खाली न घालता समोर उभं राहायचं.